गोव्यात जपलेला अंटार्क्टिकाचा बर्फ

वास्कोच्या हेडलँड सड्यावर बाहेर घामाच्या धारा लागलेल्या असतात, तेव्हा आत जाड कोट आणि हातमोजे घालून संशोधक बर्फ कापत असतात. ही राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राची प्रयोगशाळा. तापमान शून्याखाली 20 अंशांच्या आसपास.

अंटार्क्टिकाच्या अंतर्भागात पडलेला बर्फ सहसा वितळत नाही. थरावर थर दबत जातो. पोकळ ड्रिलने त्यातून लांबट दंडगोल काढतात आणि गोठलेल्या अवस्थेतच गोव्यात आणतात. करवतीने त्याचे तुकडे करून ऑक्सिजनच्या जड-हलक्या अणूंचं प्रमाण मोजतात. जड अणू जितके कमी, तितकी तेव्हाची थंडी कडक. सल्फेट एकदम वाढलेलं दिसलं, तर बहुधा कुठेतरी मोठा ज्वालामुखी फुटलेला असतो.

1998 साली स्थापन झालेलं हे केंद्र अंटार्क्टिकातली ‘मैत्री’ व ‘भारती’, आर्क्टिकमधलं ‘हिमाद्री’ आणि स्पितीतलं ‘हिमांश’ ही ठाणी सांभाळतं. 2014 मध्ये आर्क्टिकमधल्या कोंग्सफ्योर्डच्या पाण्यात ‘इंडआर्क’ वेधशाळा उतरवण्यातही त्याचा वाटा होता. ती पाण्याचं तापमान आणि क्षारता नोंदवते.

ध्रुव आपल्यापासून लांब आहेत खरे. पण वितळणाऱ्या बर्फाने चढणारा समुद्र कोकणपट्टीलाही सोडणार नाही. त्यामुळे हे संशोधन चैन नव्हे, गरज आहे.