सुळका जागेवर, किनारा नाही

आपट्याच्या बाजूने कर्नाळ्याकडे पाहिलं की आधी दिसतो तो बेसॉल्टचा सुळका. इंग्रजांनी त्याला ‘फनेल हिल’ म्हटलं. किनाऱ्याची जुनी चित्रं तपासणाऱ्याला असाच ठाम सुळका लागतो, कारण दोनशे वर्षांत दगड हलत नाही. चित्रातल्या शिखरांमधली अंतरं आजच्या फोटोशी जुळली, तर चित्रकार कुठे उभा होता हे काढता येतं आणि त्याने डोंगर किती ‘उंचावले’ हेही कळतं. रंगवणारे डोंगर हमखास उंचावतात!

विल्यम वेस्टॉलचंच घ्या. मॅथ्यू फ्लिंडर्सच्या ‘इन्व्हेस्टिगेटर’ जहाजावर 1801पासून त्याने ऑस्ट्रेलियाचे किनारे खलाशांच्या उपयोगासाठी रेखाटले. 1803मध्ये परतीच्या वाटेवर तो ज्या दुसऱ्या जहाजावर होता, ते फुटलं. पुढे तो मुंबईला आला. बंदरावर चाल करून येणाऱ्या पावसाळ्याचं त्याचं चित्र 1820च्या दशकात कॅप्टन ग्रिंडलेच्या संग्रहात छापलं गेलं. अशा माणसाच्या रेषेवर मी भरवसा ठेवीन. रंगांवर मात्र नाही. ती छापील चित्रं विलायतेत हाताने रंगवली जात, आणि रंगवणाऱ्याने आपला वळीव कुठून पाहिलेला असणार?

मग अशा चित्रावरून समुद्राची पातळी मोजता येईल का? व्हेनिसमध्ये ते जमलं. कानालेत्तोच्या अठराव्या शतकातल्या चित्रांत भिंतींवर शेवाळाची हिरवी रेघ आहे. डारिओ कामुफ्फो आणि सहकाऱ्यांनी ती आजच्या रेघेशी ताडून पाहिली, तेव्हा ती साठ-सत्तर सेंटीमीटर वर सरकलेली निघाली. पण तिथे भरती-ओहोटीतला फरक जेमतेम मीटरभर. मुंबईत उधाणाला तो साडेचार मीटरच्या आसपास जातो. अपोलो बंदरावरच्या भरतीमापकाची नोंद 1878पासूनची, आणि तिच्यातली दीर्घकालीन वाढ वर्षाला सरासरी मिलिमीटरच्याही आत. एवढीशी वाढ चित्रात शोधायला जाणं म्हणजे गर्दीत कुजबुज ऐकण्यासारखं. चित्रातला रुंद चिखल बहुतेक वेळा एवढंच सांगतो, की तेव्हा ओहोटी होती.

आपल्याकडे चित्रांचा खरा उपयोग वेगळाच आहे. कांदळवन कुठवर होतं, खाजणात बांध कधी पडला, खाडीचं तोंड किती गाळाने भरलं, हे त्यांतून कळू शकतं. नदीचंही तसंच. धरमतरच्या खाडीकडे उतरणारी पाताळगंगा आज उन्हाळ्यातही वाहते, कारण 1915मध्ये खोपोलीचं टाटांचं वीजघर सुरू झालं आणि लोणावळ्याकडच्या धरणांचं पाणी चाकं फिरवून तिच्यात येऊ लागलं. मूळचं ते पूर्वेकडे वाहून जाणारं पाणी. म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या, वैशाखातल्या म्हणवणाऱ्या चित्रात आपट्याच्या वरच्या अंगाला ही नदी दुथडी भरलेली दिसली, तर आधी चित्राखालची तारीख तपासावी, मग चित्रकाराची कल्पनाशक्ती.