स्टिअरिंग कोणाच्या हातात?

जिंतूरला कॉलेज सुटल्यावर चार जण एका कट्ट्यावर बसलेत आणि चौघांच्याही माना खाली आहेत, म्हणजे बीजीएमआयची मॅच सुरू आहे असं समजायचं. 'गाडी आण लवकर', 'अरे झोन आला', 'रिव्हाइव्ह दे ना भावा' असा दंगा चालतो. मॅच संपली की आधी बघतात काय, तर किल कोणाचे किती! पण झोनबाहेर अडकलेल्या चौघांना यूएझेडमध्ये घालून, टेकडीच्या आडोशानं सुखरूप आत आणणाऱ्याचं नाव कोणी घेतं का?

'आर्मा ३' किंवा 'स्क्वॉड' यांसारख्या मिलिटरी सिम्युलेशन गेममध्ये हे दुर्लक्ष महागात पडतं. 'स्क्वॉड'मध्ये एका तुकडीत नऊ जण असतात. दारूगोळा आणि बांधकामाचं साहित्य घेऊन ट्रक पुढे गेला नाही, तर तळच उभा राहत नाही. ट्रक चालवणाऱ्याला किल मिळत नाहीत, पण त्याच्यावाचून बाकीच्यांचं पान हलत नाही.

ही अक्कल खऱ्या लढायांतून आलेली आहे. सप्टेंबर १९६५ मधली पंजाबातली असल उत्तरची लढाई घ्या. आपल्या सैन्यानं शेतांत पाणी सोडलं आणि पाकिस्तानचे पॅटन रणगाडे चिखलात रुतले. पावसाळ्यात काळ्या रानात फसलेला ट्रॅक्टर ज्यानं ढकललाय, त्याला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. त्याच लढाईत अब्दुल हमीद यांच्याकडे होती एक उघडी जीप आणि तिच्यावर बसवलेली १०६ मिलिमीटरची तोफ. ही तोफ डागली की मागे धुरळ्याचा लोट उठतो आणि जागा उघडी पडते. म्हणून पिकाच्या आडून गोळा टाकायचा आणि लगेच जीप हलवायची. चिलखत नव्हतं, तिथं जागा बदलणं हीच ढाल होती. हमीद यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं.

दुसरं उदाहरण १६ डिसेंबर १९७१ चं, बसंतरच्या लढाईचं. पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल तेव्हा २१ वर्षांचे होते, म्हणजे तुमच्याच वयाचे. त्यांच्या सेंच्युरियन रणगाड्याचं नाव 'फामागुस्ता'. अशा रणगाड्यात चौघं असतात : कमांडर, गनर, लोडर आणि ड्रायव्हर. गनरला दुर्बिणीतला तुकडाच दिसतो, ड्रायव्हरला फक्त समोरचं. लोडरचा हात मंदावला की तोफ मुकी. एकानं सांगायचं, दुसऱ्यानं विश्वास ठेवायचा, एवढ्यावर सगळा खेळ. खेत्रपाल त्याच दिवशी शहीद झाले. त्यांनाही परमवीर चक्र मिळालं. तो रणगाडा आज अहिल्यानगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपून ठेवलाय. शहरात रणगाड्यांचं संग्रहालयही आहे. मंठा, जालना, संभाजीनगर करत एकदा जाऊन याच. ते लोखंड जवळून बघितलं की कळतं, तिथं रीस्पॉनचं बटण नव्हतं.

म्हणून गेम खेळून कोणी सैनिक होत नाही, हे पक्कं. पण एक सवय मात्र लागू शकते, नेमकं बोलायची. 'अरे तिकडं आहे, तिकडं!' या ओरडण्याचा कोणालाच उपयोग नसतो. '३१५ वर, पिवळ्या घराच्या डाव्या खिडकीत एक जण' एवढं म्हटलं की तिघांच्या बंदुका एकाच जागी वळतात. कॉलेजच्या ग्रुप प्रोजेक्टमध्येही घोळ होतो तो इथंच. 'कोणीतरी करेल' म्हणतात आणि तो कोणीतरी कधीच सापडत नाही.

पुढच्या मॅचला एक प्रयोग करून बघा. गाडीत बसायच्या आधीच ठरवा, चालवणार कोण, मागे बघणार कोण, बोलणार कोण. जो नेहमी सगळ्यात जास्त किल घेतो, त्याच्या हातात स्टिअरिंग द्या. दोन मॅचमध्येच कळेल, टीम आहे की नुसतेच चार मोबाइल.