अंतराचा आनंद

आज सुरुवात घरातल्याच एका प्रसंगानं करू या.

त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे आपल्या पंचगंगा घाटावर दीपोत्सव असतो, तो आपण पाहिला असेलच. पायऱ्यापायऱ्यांवर पणत्या, पाण्यात त्यांचा उजेड आणि वर आतषबाजी. आम्हीही एका वर्षी सगळं घर घेऊन गेलो होतो. आम्ही उभयता, मुलगा, सून आणि दोन नातवंडं. पुढची जागा मिळावी म्हणून पहाटे साडेतीनलाच घर सोडलं.

पहिला औट फुटला आणि धाकट्या नातवानं आईच्या पदरात तोंड खुपसलं. मुलगा म्हणाला, "एवढं काय घाबरायचं त्यात!" थोरली नात मात्र टाळ्या पिटत होती. उजेड तोच, आवाज तोच. मग एकाला भय का आणि दुसरीला नवल का?

भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक रसाचा स्थायिभाव भय आणि अद्भुताचा विस्मय. पुस्तकात ही दोन वेगळी खाती आहेत, घाटावर ती एकाच पायरीवर उभी होती. जर्मन तत्त्वज्ञ कांट यानं १७९० सालच्या ग्रंथात यावर विचार केला आहे. गडगडणारे ढग, विजा, ज्वालामुखी ही दृश्यं जितकी भयंकर तितकी ती आपल्याला ओढून घेतात, मात्र आपण सुरक्षित जागी असलो तर. वर्गात हे आम्ही कित्येक वर्षं शिकवलं. पण त्या 'मात्र'चं वजन त्या पहाटे कळलं. नातवाच्या लेखी तो सुरक्षित जागी नव्हताच.

त्याला कडेवर घेऊन आम्ही गर्दीतून मागं, बरंच लांब आलो. थोड्या वेळानं त्यानं हळूच मान वर केली. "आजोबा, आधी उजेड दिसतोय, आवाज मागनं का येतोय?" आता बघा, आवाज एका सेकंदात साधारण ३४० मीटर जातो. उजेड त्यामानानं लगेचच पोचतो. म्हणजे या दोहोंमधला वेळ मोजला की आपण किती लांब आहोत ते कळतं. आम्ही मोजायला लागलो. 'एक' म्हणून होईतो आवाज यायचा. मोजता मोजता पोरगं हसायला लागलं. लांबून बघायला मिळालं आणि कारणही कळलं, तेव्हा भयाचा विस्मय झाला.

याला आपल्याकडे जुना दाखला आहे. कोट्याच्या दिवाळीत दारूची लंका जाळतात, याचं वर्णन महादजी शिंद्यांनी सवाई माधवरावांना सांगितलं आणि मग पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी तशी लंका जाळून दाखवली, असं पेशव्यांच्या बखरीत येतं. प. कृ. गोडे यांनी भारतातल्या दारूकामाचा इतिहास लिहिताना ते नोंदवलं आहे. यात गंमत अशी की दाखवणारा सेनापती होता. तोफेतली दारू आणि लंकेतली दारू मूळची एकच. फरक एवढाच, की इथं लोक लांब उभे राहून बघत होते आणि कुणाचं घर जळत नव्हतं.

तेव्हा आतषबाजीचा आनंद हा अंतराचा आनंद आहे. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो. ज्यांना मागं सरता येत नाही त्यांचं काय? झाडावरची पाखरं, घाटाजवळच्या घरातलं आजारी माणूस, बत्ती लावणारा हात, कारखान्यात ती दारू भरणारे हात. आमच्या नातवाला कडेवर घेणारं कुणीतरी होतं.

आतषबाजी बघायला जाऊ नये, असं आम्ही म्हणत नाही. आम्ही पुन्हा जाणार आहोत, नातवानं वचन घेतलंय. पण ज्या सुरक्षित जागेवर आपला आनंद उभा आहे, ती शेजाऱ्यालाही मिळाली का, एवढं बघायला हवं. आणि कुणी पोर रडायला लागलं, तर 'घाबरतोस काय' म्हणण्याआधी त्याला चार पावलं मागं न्यावं.