स्थानबद्धाची नाट्यपदे

ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रज सरकारने 1886 साली आणून ठेवले आणि 1916 साली जेथे त्याचा अंत झाला, त्या रत्नागिरीत पुढे दुसराही एक राजबंदी आला. अंदमानाची काळकोठडी भोगून आलेल्या विनायक दामोदर सावरकरांची जानेवारी 1924 मध्ये येरवड्याहून सुटका झाली ती, सरकारच्या मंजुरीवाचून रत्नागिरी जिल्ह्याबाहेर पाऊल टाकावयाचे नाही आणि राजकारणात पडावयाचे नाही, या अटींवर. आणि मुदत वाढत वाढत ही स्थानबद्धता मे 1937 पर्यंत चालली.

व्यासपीठ असे बंद झाल्यावर त्यांच्या प्रतिभेने रंगभूमीचा आश्रय घेतला. अस्पृश्यतेवरील ‘उःशाप’ 1927 साली आले आणि 1931 साली, ज्या वर्षी रत्नागिरीत पतितपावन मंदिर उभे राहिले त्याच वर्षी, ‘संन्यस्त खड्ग’ आले. भिक्षू झालेला शाक्य सेनापती विक्रमसिंह स्वदेशावर आक्रमण होताच पुन्हा शस्त्र हाती घेतो, हे त्याचे कथानक. मिठाच्या सत्याग्रहानंतरच्या त्या दिवसांत अहिंसेवरील हा वाद प्रेक्षकांना किती निकटचा वाटला असेल, हे सांगावयास नको.

परंतु ज्याला जिल्ह्याची सीमा ओलांडता येत नाही त्याचे पद सर्वत्र पोहोचावे कसे? ते कार्य दोघा कलावंतांनी केले. सावंतवाडी संस्थानातून आलेले, ग्वाल्हेर गायकीचे रामकृष्णबुवा वझे यांनी पदांना चाली दिल्या; आणि पोर्तुगीज अमलाखालील मंगेशीत जन्मलेल्या दीनानाथ मंगेशकरांनी, आपल्या बळवंत संगीत मंडळीच्या रंगमंचावरून, त्या पदांत आपल्या तेजस्वी तानेचे चैतन्य ओतले. मला प्रांजळपणे वाटते की, दीर्घ वादसंवादांनी जड झालेले हे नाटक आज क्वचितच कोणी समग्र वाचत असेल; त्याची पदे मात्र जिवंत राहिली आणि त्याचे श्रेय कवीइतकेच वझेबुवांचे व दीनानाथांचेही आहे.

दूरदेशीची एक गायिका येथे आठवते. साल्सा संगीताची सम्राज्ञी सेलिया क्रुझ 1960 साली क्यूबा सोडून गेली. 1962 मध्ये आई वारली तेव्हा क्यूबाच्या सरकारने तिला अंत्यदर्शनासाठीही परत येऊ दिले नाही, आणि 2003 साली अमेरिकेतच तिने देह ठेवला. तिच्यापाशी स्वतःचा कंठ होता, म्हणून परभूमीतही तिला सहस्रावधी श्रोत्यांपुढे उभे राहता आले. रत्नागिरीच्या कवीला मायभूमीतच कोंडलेले, आणि त्याचा कंठ दुसऱ्याचा! तुलना येथेच थांबवावी; दोघांची दुःखे भिन्न आहेत.

सावरकरांच्या राजकीय मतांविषयी महाराष्ट्रात तीव्र मतभेद आहेत आणि ते राहतीलही. तथापि दीनानाथांच्या आवाजातील या पदांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका आजही ऐकावयास मिळतात. वाचकांनी त्या नाटकाची संहिता पुढ्यात ठेवून, प्रसंगासह, एकवार अवश्य ऐकाव्यात.