पाचवा गिअर आणि मागचं वजन

पिकअपचा गिअरबॉक्स उघडला की बहुतेक वेळा सगळ्यात आधी गेलेला सापडतो तो पाचवा. ज्या पहिल्या-दुसऱ्यावर घाट चढतात ते शाबूत, आणि पाचव्याच्या दातांची मात्र चाळण. कल्याण-मुरबाड रस्त्यावर माझं गिअरबॉक्सचं काम चालतं. येणाऱ्या गाड्या पुष्कळशा ओतूर, आळेफाट्याकडून माळशेज उतरून कल्याणच्या बाजार समितीत भाजी आणणाऱ्या. ड्रायव्हर विचारतात, "मेस्त्री, पाचवा तर आरामाचा गिअर, मग तोच कसा जातो?"

तो आरामाचाच आहे, पण रिकाम्या गाडीसाठी. आपल्याकडच्या पाच गिअरच्या पिकअपमध्ये चौथा गिअर सहसा डायरेक्ट असतो. टॉप शाफ्ट आणि मेन शाफ्ट एकमेकांत अडकतात आणि इंजिनची एक फेरी ती प्रोपेलर शाफ्टचीही एक फेरी. ताकद सरळ मागे जाते, गिअरच्या दातांवर भार जवळजवळ येतच नाही. पाचवा म्हणजे ओव्हरड्राइव्ह. त्याचं प्रमाण साधारण 0.8 धरा: इंजिन 8 वेळा फिरलं की मागचा शाफ्ट 10 वेळा फिरतो. वेग वाढला, पण तेवढीच ओढ कमी झाली. शिवाय आता ताकद खाली लेशाफ्टवर उतरते, तिथून दातांमधूनच परत वर येते. पुष्कळ गिअरबॉक्समध्ये पाचव्याची जोडी अगदी शेपटीला, मागच्या घरात बसवलेली असते. ऑइल कमी झालं की कोरडी पडणारी पहिली जागा तीच.

आता रस्त्यावर काय होतं ते बघा. अशी पिकअप ताशी 60 ला असेल तर चौथ्यात इंजिनच्या मिनिटाला साधारण 1,900 फेऱ्या होतात, पाचव्यात 1,500. डिझेल इंजिनची खरी ओढ साधारण दीड हजारापासून सव्वादोन हजारापर्यंत. म्हणजे साठला पाचवा कसाबसा काठावर आहे. टोकावडे ते सरळगाव या पट्ट्यात मात्र भरलेली गाडी पंचेचाळीसवर आली तरी ड्रायव्हर पाचव्यातच असतो. फेऱ्या तेव्हा जेमतेम 1,100. गाडी गुरगुरते, काळा धूर सोडते, लिव्हर हातात थरथरतो. त्या फेऱ्यांना टर्बोकडे पुरेशी हवा नसते आणि सिलेंडरमधला प्रत्येक स्फोट दातांवर हातोड्यासारखा बसतो. ड्रायव्हरला वाटतं डिझेल वाचतंय. पाय जर तळाला टेकला असेल तर वाचत काहीच नाही. सपाट रस्ता, हलकं वजन, एकसारखा वेग, एवढं जमलं तरच ओव्हरड्राइव्ह डिझेल वाचवतो.

मागे काही ओढायचं असेल तर हिशेब आणखी कडक होतो. महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण पिकअपमागे राहायची कॅराव्हॅन जोडून निघालेलं कुटुंब आपल्या रस्त्यांवर अजून विरळाच. इथे पिकअपमागे दिसतो तो मंडपवाल्यांचा जनरेटर, चाकांच्या ट्रॉलीवर, नवरात्रात ठाण्याला नाहीतर पौषात म्हशाच्या यात्रेला निघालेला. रेल्वेला कसाऱ्यात 1:37 चा चढ आहे, तिथे गाडीच्या मागे ढकलायला बँकर इंजिनं लावतात. पिकअपला मागून कोणी ढकलणार नाही, तिच्याकडे फक्त खालचा गिअर आहे. अमेरिकेत कॅम्पर ओढणाऱ्या पिकअप बहुधा ऑटोमॅटिक असतात. चढावर त्यांचा गिअरबॉक्स ओव्हरड्राइव्ह आणि खालचा गिअर यांच्यात सारखा वरखाली करत राहतो आणि त्याचं ऑइल तापतं. म्हणून त्यांना ओव्हरड्राइव्ह बंद करायचं बटण दिलं, नव्या गाड्यांत ओझं ओढण्यासाठी वेगळा मोड असतो. आपल्या ड्रायव्हरला ते बटण म्हणजे स्वतःचा डावा हात.

चढापेक्षा मला उताराची काळजी जास्त वाटते. भाजीची गाडी माळशेज चढताना बहुधा रिकाम्या क्रेट घेऊन जाते आणि रात्री भरून उतरते. पाचव्यात इंजिन ब्रेक सगळ्यात कमी लागतो, कारण चाकं इंजिनला जेवढं फिरवतील तेवढाच इंजिन त्यांना अडवणार. मग सगळा भार ब्रेकवर, लायनर तापतात, वास सुटतो आणि पेडल दाबूनही गाडी थांबेनाशी होते. न्यूट्रल करून उतरणाऱ्याकडे तर इंजिनची तेवढीही मदत नसते, आणि कोणी इंजिनच बंद केलं तर थोड्याच दाबात ब्रेकचं बूस्टरही जातं. मागे ट्रॉली असेल आणि तिला स्वतःचे ब्रेक नसतील, तर वळणावर ती पिकअपची शेपटी बाहेर ढकलते. हे मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पोराला सांगतो, कंटाळा येईपर्यंत सांगतो.

घाटाच्या तोंडाशी, उतार सुरू व्हायच्या आधीच दुसरा किंवा तिसरा घ्या. गाडी सुटल्यावर गिअर खाली येत नाही. मोरोशी मागे पडली तरी सरळगावपर्यंत चौथाच ठेवा. मुरबाडपुढे रस्ता मोकळा असेल, काटा साठच्या वर स्थिर असेल आणि पाय हलका असेल, तर पाचवा खुशाल टाका. शहाडच्या पुलाचा चढ दिसला की परत चौथा.