एक नदी, पाच वाटेकरी

इस्रायलचा इतिहास आपण युद्धांच्या सनावळीतून वाचतो. मला तो जॉर्डन नदीच्या पाण्यातून जास्त नीट उमगतो. ही नदी लहानखुरी, पण तिच्या खोऱ्याला वाटेकरी पाच: लेबनॉन, सीरिया, जॉर्डन, इस्रायल आणि पॅलेस्टिनी.

१४ मे १९४८ रोजी डेव्हिड बेन-गुरियन यांनी तेल अवीवमध्ये राज्याची घोषणा केली आणि दुसऱ्याच दिवशी शेजारच्या अरब देशांच्या फौजा आत शिरल्या. १९४९ मध्ये तोफा थंडावल्या, तोवर सुमारे सात लाख पॅलेस्टिनी बेघर झाले होते आणि त्यांना परतू दिलं गेलं नाही. तिकडे साडेसहा लाखांच्या आसपास असलेली ज्यू वस्ती १९५१ अखेरीस दुप्पट झाली. युरोपातल्या संहारातून वाचलेले, इराक-येमेनमधून उठून आलेले हे लोक तंबूंत आणि पत्र्याच्या खोपटांत राहत होते. त्यांना वसवायचं तर नेगेव वाळवंटाकडे पाणी न्यायला हवं होतं, आणि पाऊस पडतो उत्तरेला.

१९५३ मध्ये इस्रायलने सीरियालगतच्या निर्लष्करी पट्ट्यात कालवा खणायला घेतला. सीरियाने संयुक्त राष्ट्रांत दाद मागितली, अमेरिकेने मदत रोखली, काम थांबलं. मग अमेरिकेचे दूत एरिक जॉन्स्टन यांनी दोन वर्षं खेपा घालून वाटपाचा आराखडा जुळवला. दोन्हीकडच्या तंत्रज्ञांना तो पटला होता. पण सही करणं म्हणजे इस्रायलला मान्यता देणं, म्हणून ऑक्टोबर १९५५ मध्ये अरब लीगने त्याला मंजुरी दिली नाही. ही संधी हुकल्याची हळहळ मला आजही वाटते.

इस्रायलने मग पाणी किनेरेत (गॅलिली) सरोवरातून उचललं. हे सरोवर समुद्रसपाटीच्या सुमारे २१० मीटर खाली आहे, त्यामुळे आधी पंपांनी पाणी डोंगरावर चढवायचं आणि मग दक्षिणेकडे सोडायचं. काठचे खारे झरे वेगळ्या चरातून बाहेर काढले. कालवे, बोगदे आणि माणूस आत ताठ उभा राहील एवढे नळ, अशी सुमारे १३० किलोमीटरची ही वाहिनी जून १९६४ मध्ये सुरू झाली. ज्या नेगेवसाठी हा खटाटोप होता, तिथल्याच बेरशेबा आणि दिमोना या गावांत कोकण-मुंबईहून गेलेले मराठीभाषक बेने इस्रायली ज्यूही वसले.

वाहिनी सुरू झाली त्याच वर्षी जानेवारीत कैरोत जमलेल्या अरब नेत्यांनी हसबानी आणि बानियास हे जॉर्डन नदीचे उगमप्रवाह वरच्या वर वळवायचं ठरवलं. १९६५ च्या आरंभी फतह या पॅलेस्टिनी संघटनेने पहिला घातपात योजला तो याच वाहिनीवर, तो फसला. प्रवाह वळवणाऱ्या सीरियाच्या खोदकाम यंत्रांवर इस्रायली रणगाड्यांनी आणि १९६६ मध्ये विमानांनी मारा केला. तरी १९६७ चं युद्ध पाण्यासाठीच झालं, असं मी म्हणणार नाही. सिनाईत उतरलेलं इजिप्तचं सैन्य आणि तिरानच्या सामुद्रधुनीची कोंडी ही तात्कालिक कारणं होती. मात्र युद्धानंतर गोलान टेकड्या आणि बानियासचा झरा इस्रायलच्या हाती गेला.

कागदोपत्री युद्ध चालू असतानाही इस्रायल आणि जॉर्डनचे पाणीखात्यातले अधिकारी यार्मुक या जॉर्डनच्या उपनदीकाठी बसून वाटपाचे तंटे मिटवत असत. १९९४ च्या शांतता करारात जॉर्डनला दरसाल पाच कोटी घनमीटर जादा पाणी मिळवून द्यायला सहकार्य करायचं ठरलं, ते काही आभाळातून पडलं नाही; त्यामागे याच बैठका होत्या. पॅलेस्टिनींच्या वाट्याला मात्र १९९५ ची तात्पुरती व्यवस्था आली. ती पाच वर्षांपुरती होती. पश्चिम किनाऱ्यावर (वेस्ट बँकमध्ये) नवी विहीर खणायला संयुक्त समितीची परवानगी लागण्याची अट त्यातलीच.