हवेवर थंड होणाऱ्या जुन्या मोटारीत लाल दिवा म्हणजे थांबण्याचा इशारा

जनरेटरचा लाल दिवा पेटला, की बॅटरीचे चार्जिंग बंद पडले एवढाच अर्थ अनेक वाहनचालक काढतात आणि पुढच्या गावापर्यंत गाडी दामटतात. फोक्सवॅगन बीटलसारख्या हवेवर थंड होणाऱ्या जुन्या मोटारीत मात्र हा समज थेट इंजिनाच्या मुळावर येऊ शकतो.

फर्डिनांड पोर्शे यांच्या आराखड्यातून साकारलेल्या मूळ बीटलचे उत्पादन ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोतील पुएब्ला येथे थांबले. तोवर अशा दोन कोटी १५ लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या. या गाडीच्या मागील भागातील चार सिलिंडरच्या इंजिनाला रेडिएटर नाही की पाणी नाही. जनरेटरच्याच दांड्यावर बसवलेला पंखा पत्र्याच्या आवरणातून सिलिंडरच्या पात्यांवर वारा सोडतो. जनरेटर आणि पंखा हे दोन्ही एकाच रबरी पट्ट्यावर फिरतात. पट्टा तुटला, की चार्जिंगबरोबर थंडावाही त्याच क्षणी संपतो.

पाण्यावर थंड होणाऱ्या गाडीत तापमानाचा काटा चढतो, वाफ दिसते. मूळ बीटलमध्ये असा काटा नसल्याने लाल दिवा हीच पहिली सूचना ठरते. म्हणून चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी, हा दिवा लागतो की नाही हे दर वेळी पाहावे. तो लागत नसेल, तर पट्टा तुटल्याचे वाटेत कळणारच नाही.

वाटेत दिवा लागल्यास गाडी सुरक्षितपणे कडेला घेऊन इंजिन लगेच बंद करावे आणि मागील झाकण उघडावे. तापलेल्या इंजिनावर पाणी ओतू नये. अचानक थंड झाल्याने धातूला तडे जाऊ शकतात. इंजिन आपोआप निवू द्यावे. त्यानंतर सपाट जागेवर तेलाची पातळी तपासावी. या इंजिनात जेमतेम अडीच लिटर तेल असते आणि उष्णता वाहून नेण्याचे बरेचसे काम तेच करते.

पट्टा तुटला असेल, तर जनरेटरच्या पुलीचा नट सैल करून तिचा बाहेरचा अर्धा भाग काढता येतो. नवा पट्टा बसवताना पुलीच्या दोन भागांमधील चकत्या कमी केल्यास तो घट्ट होतो, वाढवल्यास सैल पडतो. काढलेल्या चकत्या नटाखाली बाहेरच्या बाजूस ठेवाव्यात. अंगठ्याने दाबल्यावर पट्टा सुमारे १५ मिलिमीटर आत जाणे योग्य मानले जाते. जादा पट्टा आणि नटाचा पाना गाडीत असल्यास हे काम रस्त्याच्या कडेलाही होते.

पट्टा शाबूत असूनही इंजिन तापत असेल, तर कारण अन्यत्र शोधावे लागते. पंख्याच्या तोंडाशी चिंधी किंवा पाने अडकणे, हवेच्या झडपा गंजून बंद राहणे, ठिणगीची वेळ चुकणे ही त्यांपैकी काही. दुरुस्तीच्या वेळी निरुपयोगी समजून काढून टाकलेले पत्रे आणि इंजिनाभोवतीची रबरी पट्टीही महत्त्वाची असते. ती नसेल, तर खालची तापलेली हवा पंखा पुन्हा आत ओढतो.

जुन्या रचनेत तेल थंड करणारा भाग पंख्याच्या आवरणातच, हवेच्या वाटेत उभा असे. त्यामुळे तिसऱ्या क्रमांकाचा सिलिंडर सर्वाधिक तापे. १९७१च्या मॉडेलपासून या भागाला हवेची स्वतंत्र वाट देण्यात आली. एकदा इंजिन अति तापल्यास पुढील प्रवासापूर्वी व्हॉल्व्हमधील अंतर आणि तेल तपासून घेणे हिताचे असते.

भारतातील मालकांसाठी याला आणखी एक बाजू आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१मध्ये अधिसूचित केलेल्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या वाहनाला विंटेज म्हणून नोंदणी मिळू शकते. मात्र वाहन मूळ रूपात असावे आणि इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. अशा गाडीचे मूळ इंजिन जळाले, तर हानी केवळ दुरुस्तीच्या खर्चापुरती उरत नाही. ती टाळण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे वेळेवर बदललेला एक रबरी पट्टा.